लाल आणला की खोली भडकते, काढला की विझते: फेंगशुईतल्या अग्नीची तीच ती तक्रार

माणूस वेगळा, घर वेगळं, पण तक्रार तीच. खोलीत जीव नाही म्हणून कुणीतरी अग्नी वाढवायला सांगितलेलं असतं. लाल उशा येतात, मेणबत्त्या येतात, एखादी भिंत रंगते. आठ-पंधरा दिवस मजा वाटते, मग खोली नकोशी होते. वैतागून सगळं काढलं की खोली पुन्हा मेल्यासारखी. महिन्याभराने पुन्हा लाल. हा खेळ मी स्वतःच्या घरात दोनदा खेळलो आणि नंतर नात्यातल्या, मित्रांच्या घरी इतक्यांदा निस्तरला की आता दारातून आत गेल्यावर आधी छताकडे बघतो. का, ते पुढे येईलच.

फेब्रुवारी २०२४ पासून हे प्रकार वाढलेत. फेंगशुई म्हणजे घराच्या मांडणीची चिनी विद्या; तिच्या एका शाखेच्या कालगणनेत तेव्हापासून वीस वर्षांचा नववा काळ सुरू झाला आणि नऊ हा अग्नीचा आकडा. त्यामुळे जो तो घरात लाल कोंबत सुटलाय.

आधी लक्षणं

तुमची तक्रार यातली आहे का बघा.

संध्याकाळी दिवे लागले की डोळे चुरचुरतात, कपाळ जड होतं, दिवसा मात्र काही नाही.

लोक खोलीत येतात, पण टेकत नाहीत. उभ्या उभ्या बोलतात आणि दुसरीकडे जाऊन बसतात.

दुकानात झगझगीत दिसलेला लाल घरी आणल्यावर मळक्या विटेसारखा दिसतो.

लाल भिंत दुपारी छान, रात्री मंद दिव्यात जवळजवळ काळी.

झोपायच्या खोलीत बदल केला असेल तर अंथरुणावर पडून अर्धा-पाऊण तास नुसतं छताकडे बघणं चालतं.

पहिलं, दुसरं आणि पाचवं लक्षण भडकलेल्या अग्नीचं, तिसरं-चौथं विझलेल्या अग्नीचं. गंमत अशी की दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी असू शकतात, आणि तसंच असेल तर तक्रार परत परत येते: मळकट दिसतो म्हणून आणखी लाल आणायचा, जास्त झाला म्हणून काढायचा.

दोन मिनिटं शास्त्र, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही

फेंगशुईत पाच घटक म्हणतात ते चिनी भाषेत ‘वू शिंग’. शिंग म्हणजे चालणं, सरकणं. म्हणजे हे आपल्या पंचमहाभूतांसारखे पदार्थ नव्हेत, एकातून दुसऱ्यात जाणाऱ्या अवस्था आहेत. आपल्या पाचांत वायू आणि आकाश आहेत, त्यांच्या पाचांत लाकूड आणि धातू. लाकूड अग्नीला पोसतं, अग्नीची राख होऊन माती बनते, मातीत धातू, धातूतून पाणी, पाण्यावर लाकूड. दुसरं चक्र दाबणारं: पाणी अग्नी विझवतं, अग्नी धातू वितळवतो, धातू लाकूड कापतो, लाकूड मातीला फोडतं, माती पाणी अडवते.

अग्नीचं चिन्ह ‘ली’. तीन रेघा, वरची आणि खालची अखंड, मधली तुटलेली. बाहेरून धगधगीत, आतून पोकळ. ली या नावाचा एक अर्थ चिकटणं असा लावतात, कारण ज्वाळेला स्वतःचं अंग नसतं, ती कशाला तरी धरूनच राहते. आणि शरीरात या चिन्हाकडे डोळा येतो. डोळे चुरचुरण्याचं लक्षण मी पहिलं लिहिलं ते उगाच नाही.

यातून निघणारी माझी कामाची पद्धत अशी: अग्नीचा त्रास झाला की लोक पाणी ओततात. मी आधी सरपण शोधतो. ज्याला धरून आग उभी आहे ते काढलं नाही तर लाल वस्तू कितीही आत-बाहेर केल्या तरी तक्रार परतणारच.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं विज्ञान नाही आणि मी ते तसं विकतही नाही. पण रंग, उजेड, उष्णता आणि टोकदार आकार यांकडे बघायची ही एक जुनी, शिस्तीची पद्धत आहे, आणि तिच्या मागे लागून शोधलं की बहुतेक वेळा काहीतरी अगदी साधं सापडतं.

१. दिव्याचं खोकं वाचा

खर्च शून्य. निम्म्याहून जास्त घरांत माझं काम इथेच संपलंय.

अग्नीच्या सगळ्या वस्तूंत दिवा हाच खरा अग्नी, बाकी सगळी त्याची सोंगं. तेव्हा खोक्यावर किंवा दिव्याच्या बुडाशी केल्विनचा आकडा बघा. उजेड किती पिवळा किंवा निळसर ते तो सांगतो: आकडा लहान तेवढा उजेड पिवळा. मेणबत्तीची ज्योत साधारण १९०० केल्विन, जुना पिवळा बल्ब २७००, आणि पांढराफटक ‘डेलाइट’ दिवा ६५००. घरात लाल, शेंदरी, केशरी आणलंत आणि छताला ६५००चा दिवा तसाच ठेवलात, तर खाली चूल पेटवून वर बर्फ टांगल्यासारखं झालं. निळसर उजेडात लाल रंग मरगळतो आणि तरीही डोळ्यांवर ताण येतो. रात्री उशिरापर्यंत तसल्या उजेडात बसलं की झोपही लांबते. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० ठेवा. स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा अभ्यासाच्या टेबलावर ४००० चालतो.

आता दुसरा आकडा, जो कुणी बघत नाही. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआय. खोक्यावर ८० असतं आणि आपण खूश होतो. पण तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो, त्यात गडद लाल मोजलेलाच नसतो. त्याचा आकडा वेगळा, आर९. सीआरआय ८० असलेल्या स्वस्त एलईडीचा आर९ शून्याच्या आसपास असू शकतो. म्हणजे तुमची लाल उशी लाल दाखवायला लागणारा उजेड त्या दिव्यातून पुरेसा निघतच नाही. विटकरी दिसणाऱ्या लालचं कारण बहुधा हे. दिवा बदलायच्या आधी एकही नवी लाल वस्तू आणू नका. सीआरआय ९० किंवा वरचा, आणि आर९ छापलेला असेल तर ५०च्या वर, असा एक दिवा आणून त्याच होल्डरला लावून बघा. फरक एका बटणात कळतो.

रात्री काळी पडणारी भिंत हा थोडा निराळा मामला आहे. उजेड मंद झाला की आपल्या डोळ्याला लाल आधी दिसेनासा होतो, निळा-हिरवा टिकून राहतो. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं. त्यामुळे लाल भिंतीजवळ मंद दिवा ठेवून ‘वातावरण’ करायला जाऊ नका. भिंतीवर थेट पडेल असा एक उबदार दिवा द्या.

२. दिवा लुकलुकतो का

मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिव्याचं चित्रण करा. पट्टे धावताना दिसले किंवा उजेड धडधडताना दिसला तर दिवा विजेच्या लहरीबरोबर सेकंदाला शंभर किंवा एकशेवीस वेळा मिणमिणतोय. नुसत्या डोळ्याला ते कळत नाही, पण कपाळ जड व्हायला तेवढं काहींना पुरतं. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, असेल तर दिव्यावर ‘डिमेबल’ लिहिलंय का तेही बघा. साधा एलईडी डिमरवर लावला की तो लुकलुकतो, गुणगुणतो आणि लवकर जातो.

३. सगळा लाल तीन दिवस बाहेर

एका पिशवीत भरा. उशा, पडदे, मेणबत्त्या, कागदी कंदील, लाल चौकटीचं चित्र, सगळं. तीन दिवस खोली तशीच वापरा. चौथ्या दिवशी एकच वस्तू परत आणा, सगळ्यात आवडती. दोन दिवसांनी दुसरी. लोक एकदम सगळं आणतात आणि एकदम सगळं काढतात, त्यामुळे नेमकं कशाने बिघडलं हे त्यांना कधीच कळत नाही.

माझा अनुभव असा की मध्यम खोलीला एक मोठी लाल गोष्ट आणि एक-दोन बारकी पुरेशी होतात. आणि लालच हवा असंही नाही. केशरी, गुलाबी, जांभळा, दाट तपकिरीत मिसळलेला शेंदरी हे सगळे अग्नीच्याच घरचे.

४. सरपण कुठे आहे

बहिणीच्या घरची गोष्ट सांगतो. तिने फोन करून सांगितलं, “दादा, आता खोलीत लाल म्हणून काही उरलं नाही, तरी बसवत नाही.” गेलो. खरंच लाल काही नव्हतं. एक लहानशी शेंदरी उशी तेवढी. सोफ्यावर बसलो आणि समोर बघितलं. खिडकीच्या दोन्ही बाजूंना छताला टेकतील अशी उंच झाडं. पडदे हिरवे, उभ्या पट्ट्यांचे. भिंतीवर उभा लाकडी फळ्यांचा पट्टा. कोपऱ्यात बांबू. मधोमध एक निमुळता, वर टोक असलेला दिवा. सगळी खोली वर, आणखी वर ओढत होती आणि नजर शेवटी त्या उघड्या बल्बवर जाऊन आपटत होती. खाली नजर ठरेल असं काही नव्हतं. गालिचा गुंडाळून कपाटावर ठेवलेला.

उंच, उभं, हिरवं हे सगळं फेंगशुईत लाकूड. ती खोली म्हणजे रचलेली लाकडं होती, ठिणगी लहान असली म्हणून काय झालं? आम्ही दोन झाडं दुसऱ्या खोलीत नेली, पडदे उतरवून साधे लावले, गालिचा अंथरला आणि बुटक्या टेबलावर एक जाड मातीचं भांडं ठेवलं. शेंदरी उशी तशीच राहू दिली. चहा होईपर्यंत भाचा जमिनीवर पालथा पडून वाचत होता, आणि तो त्या खोलीत थांबत नाही ही तिची मुख्य तक्रार होती.

भडकलेल्या खोलीवर उतारा म्हणजे माती. पसरट, बुटकं, चौकोनी. पिवळट, वाळूच्या किंवा मातीच्या रंगाचं. भाजलेली भांडी, दगड, जाड विणीची चादर. अग्नी मातीला जन्म देतो, म्हणजे त्याचा जोर मारून न टाकता खर्ची पडतो. उलट खोली विझलेली असेल तर आणखी लाल आणण्याऐवजी एक जिवंत, वर वाढणारं झाड आणून बघा. अग्नीला खायला मिळालं की थोडा लालही पुरतो.

५. कुणी पाणी ओतलंय का

इंटरनेटवर उतारा म्हणून सर्रास सांगितलेलं असतं: अग्नी जास्त झाला, निळं आणा, आरसा लावा, कारंजं ठेवा. पाणी अग्नीला विझवतं हे खरं, पण ते झगडून विझवतं. लाल भिंतीसमोर गर्द निळा सोफा ठेवला की दोघांच्या सीमेवर डोळा थरथरल्यासारखा होतो, कुणालाही विचारा. काळा किंवा गर्द निळा रंग, नागमोडी आकार, आरसे आणि काच हे सगळं पाण्याच्या खात्यात जातं. लाल जिथे आहे त्याच्या थेट समोर यातलं काही असेल तर आधी ते हलवा. आरशाचं तर दुहेरी नुकसान: तो पाणीही होतो आणि समोरच्या लालची जोडीही दाखवतो. दिव्यासमोरचा आरसा उजेडही दुप्पट डोळ्यांत मारतो.

६. टोकं

त्रिकोण, सुळके, चांदण्या, टोकदार पानं, झिगझॅग नक्षी. रंग कुठलाही असो, आकार अग्नीचा. गालिच्यावरच्या निळ्या-पांढऱ्या झिगझॅगकडे कुणाचं लक्षच जात नाही. बसायच्या किंवा झोपायच्या जागेकडे रोखलेलं टोक दिसलं की वळवा.

७. ज्योत

खरी मेणबत्ती लावत असाल तर फेंगशुई बाजूला ठेवून आधी हे: कापड, कागद, पडद्यापासून किमान ३० सेंटीमीटर लांब, वात ६ मिलिमीटरपर्यंत कापलेली, आणि खोलीतून उठताना विझवलेली. काजळी धरत असेल तर वात लांब आहे किंवा वारा लागतोय. खोलीत वास कोंडला की माणसं तिथे बसत नाहीत, ते लक्षण अग्नीचं नाही, धुराचं आहे. अग्नीचा कोपरा म्हणून पुस्तकांच्या फळीवर मेणबत्ती लावलेली मी पाहिलीय.

८. दिशा

हा भाग मी मुद्दाम इतका खाली ठेवलाय. लोक इथूनच सुरुवात करतात आणि इथेच अडकतात.

होकायंत्र धरणाऱ्या जुन्या पद्धतीत अग्नीची जागा दक्षिण, म्हणजे १५७.५ ते २०२.५ अंश. वास्तुशास्त्राच्या सवयीने आपला हात आग्नेयेकडे जातो, पण फेंगशुईत आग्नेय दिशा लाकडाची. तिथे अग्नी मांडला की तो त्या कोपऱ्यातलं लाकूड खात बसतो. दोन्ही शास्त्रं एका घरात कालवू नका, एक निवडा. तिसरी भानगड अशी की १९८० च्या दशकात अमेरिकेत लिन युन या फेंगशुई-गुरूंनी रुजवलेल्या पद्धतीत होकायंत्रच नसतं. दारात उभं राहून आत बघायचं, समोरच्या भिंतीचा मधला भाग अग्नीचा. तुम्ही ज्याचा सल्ला वाचलात तो कुठल्या पद्धतीचा होता ते आधी शोधा. अर्ध्या घरांत दोन पद्धतींचे दोन ‘अग्निकोन’ पेटलेले असतात.

होकायंत्र वापरणार असाल तर मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून घ्या आणि फ्रिज, स्पीकर, लोखंडी दार, खांब यांपासून लांब तीन ठिकाणी मोजा. तीन आकड्यांत दहा-पंधरा अंशांचा फरक आला तर इमारतीतलं लोखंड काटा ओढतंय. मोकळ्यात जाऊन मोजा. तज्ज्ञांच्या होकायंत्रावर वर्तुळाचे २४ भाग असतात, प्रत्येकी १५ अंशांचे, तेव्हा एवढी चूक म्हणजे अख्खा एक भाग चुकला. दक्षिण गोलार्धात राहत असाल तर तिथे सूर्य उत्तरेकडून तापतो, त्यामुळे अग्नी उलटवायचा की नाही यावर जाणकारांतच भांडण आहे. मी उलटवत नाही, पण उन्हाकडे बघतोच.

९. ऊन

पश्चिमेच्या खिडकीतून उतरतं ऊन थेट आत येतं आणि भिंती तापवतं. अशा खोलीत निसर्गाने आधीच अग्नी ठेवलेला असतो. दुपारी तीन ते सूर्यास्त तिथे बसून बघा. ऊन अडवणारे फिकट पडदे लावून तक्रार मिटली तर बाकी काही करू नका. शिवाय लाल कापड उन्हात झपाट्याने गुलाबट पडतं आणि मग ‘अग्नी कमी झाला’ म्हणून नवं येतं.

१०. भिंत

इथून पुढे पैसा आणि कष्ट. रंगवण्याआधी दारापेक्षा थोडा लहान पुठ्ठा त्या रंगात रंगवा आणि तीन दिवस वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा, सकाळी आणि रात्री. दुकानातल्या बोटभर पट्टीवर भरवसा ठेवू नका. लाल भिंत आपला रंग छतावर, समोरच्या भिंतीवर, माणसाच्या चेहऱ्यावर उधळते, त्यामुळे मोठ्या जागेत तो कित्येक पट तिखट लागतो. गडद लाल सहसा नीट झाकत नाही, खाली राखाडी प्रायमर द्या, नाही तर पाच हात मारूनही डाग दिसतील. आणि आधीच रंगवलेली भिंत फिकी करायची असेल तर डाग रोखणारा प्रायमर, नाही तर गुलाबी छटा वर येत राहते. झोपायच्या खोलीत लाल भिंत मी सुचवत नाही. कुणी हट्टच केला तर उशाकडची, म्हणजे पडल्यावर दिसणार नाही अशी.

११. शेगडी आणि सिंक

अग्नी-पाण्याचं भांडण स्वयंपाकघरात सगळ्यात उघड. दोन्ही शेजारी नकोत, मधे लाकूड आणा, असं सांगतात. थोडी मोकळी जागा असावी हे व्यवहारानेही बरोबर, तापल्या तेलात पाणी उडू नये म्हणून. पण ‘मधे लाकूड’ म्हणून ज्वाळेजवळ लाकडी फळी किंवा हिरवा रुमाल लटकवू नका. आणि निव्वळ फेंगशुईसाठी ओटा फोडण्याच्या मी विरोधात आहे. पहिले नऊ उपाय करून झाल्यावर ओटा फोडायची वेळ आलेली मी अजून पाहिली नाही.

कुठे थांबायचं

बटणाची पट्टी हाताला गरम लागते, डिमर बदलूनही गुणगुणतो, जळका वास येतो, किंवा एकाच होल्डरवरचे दिवे पटापट जातात: मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. छतातली नवी वायरिंग, दिव्याची जागा हलवणं, हेही त्याचंच काम.

गॅसची शेगडी किंवा नळी हलवायची असेल तर स्वतः हात लावू नका. भिंतीतली शेकोटी किंवा धुराडं वर्षानुवर्षं बंद असेल तर साफ करून आणि तपासून घेतल्याशिवाय पेटवू नका, कारण कोंडलेल्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही. जुन्या घरातला पिवळा, शेंदरी, लाल रंग खरवडण्याआधी त्यात शिसं आहे का ते तपासून घ्या. कोरडा घासलात तर ती धूळ पोटात जाते, सगळ्यात आधी मुलांच्या.

दिवे बदलूनही डोळेदुखी, डोकेदुखी चालूच राहिली किंवा झोप तीन-चार आठवडे सुधारली नाही तर डॉक्टर. उशीचा रंग बदलत बसू नका.

फेंगशुईचा सल्लागार कधी? दिशा मोजूनही जुळत नसेल, किंवा घर नव्याने बांधत असाल तेव्हा. त्याने घराचा नकाशा आणि दाराची दिशा मागितली पाहिजे. तुमच्या घरात यायच्या आधीच जो घ्यायच्या वस्तूंची यादी पाठवतो, त्याला नाही म्हणा. आणि तो आला की आधी त्याला विचारा, छताला कितीचा दिवा आहे ते बघितलंत का.